मधुकरराव चाफले यांची बिनतारी पेटी

नागपूरच्या इतवारीत पत्र्याच्या पेट्या विकणाऱ्यांना गिऱ्हाईक दोनच प्रकारचं ठाऊक असतं. पोरगी सासरी चालली म्हणून पेटी घेणारं, नाहीतर पोरगा होस्टेलला चालला म्हणून घेणारं. त्यामुळे मधुकरराव चाफल्यांनी खिशातून टेप काढून पेटीच्या आतली उंची मोजायला घेतली, तेव्हा दुकानदारानं सवयीनं विचारलं, "लग्न केव्हा हाये काका?"

"लग्न नाही गा. रेडिओ ठेवाचा आहे," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी पुढची पेटी उघडली.

अशा अकरा पेट्या त्यांनी उघडल्या आणि बाराव्या पेटीची कडी तीनदा लावून काढून ती पसंत केली. एरवी हा माणूस इतवारीत शिरला की अर्धा दिवस तिथंच. भाव करायचा, दुकानदाराचाच चहा प्यायचा आणि वर त्यालाच कोळशापासून वीज कशी होते यावर व्याख्यान द्यायचं. त्या दिवशी त्यांनी भाव केला नाही, चहा घेतला नाही. पेटी स्कूटरवर पायांच्या मधे ठेवली, हातगाड्यांमधून वाट काढली आणि मानकापूरला घरी आले. सिंधूताई शेजारीण फाटकाशी उभी होती. पेटी बघून तिनं काही विचारलं नाही, डबा तेवढा हातात दिला.

मधुकररावांची चौतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली. इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. वीज केंद्राच्या कॉलनीत आयुष्य काढलेल्या माणसाला एक गर्व असतो, तो यांना जरा जास्तच होता. गावात अंधार झाला तरी कॉलनीत पंखे फिरत. निवृत्तीनंतर नागपुरात घर बांधलं, तिथं लाईट जायची. बायको, प्रेमिला, म्हणायची, "अजी, इन्व्हर्टर घेऊन टाका ना एखादा." तर हे म्हणायचे, "चौतीस वर्षं साऱ्या महाराष्ट्राले लाईट पुरवली, आता डब्यातली लाईट विकत घेऊ का वं?" प्रेमिला हसायची आणि मेणबत्त्या आणून ठेवायची.

त्यांना नाद होता हॅम रेडिओचा, घरबसल्या बिनतारी सेटवरून दूरच्या माणसांशी बोलण्याचा. पन्नाशीत परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळवला, गच्चीवर बांबूएवढा खांब उभारला आणि बैठकीच्या कोपऱ्यात टेबलावर सेट मांडला. शहरात त्यांच्यासारखे हौशी वीस-पंचवीस. दर रविवारी सकाळी ते सगळे एका ठरलेल्या लहरीवर जमत. शाळेत विज्ञान शिकवणारी कामिनी बोंद्रे एकेकाला हाक मारून हजेरी घेई. मधुकररावांना सगळे 'खापरखेडा' म्हणत. "खापरखेडा, ऐकताय का?" असं कामिनीनं विचारलं की हे खुर्चीत सावरून बसत आणि साहेबासारखे बोलत. स्वयंपाकघरातून प्रेमिला ते ऐके. माणूस घरात एवढं गोड कधी बोलत नाही, असं ती सिंधूताईला सांगे आणि ते काही खोटं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वीज केंद्रात कोणी यंत्रावर काम करत असला की तो आधी त्या यंत्राच्या स्विचवर लाल पाटी अडकवतो. 'काम चालू आहे. हात लावू नये.' ती पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची; साहेबानंसुद्धा तिला हात लावायचा नाही. कारण दुसऱ्या कोणी ती काढून स्विच चालू केला, तर आत काम करणारा माणूस जळून मरतो. असं एक मरण मधुकररावांनी स्वतः पाहिलं होतं. निवृत्तीच्या दिवशी सगळे शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले, हे त्याशिवाय एक लाल पाटीही घेऊन आले. प्रेमिलानं एकदा धूळ पुसताना सेटची बटणं फिरवून ठेवली होती. तेव्हा त्यांनी ती पाटी सेटच्या स्विचवर अडकवली आणि सांगितलं, "याले परवाना लागते. तू हात लावाचा नाही." अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती. पुढची आठ वर्षं प्रेमिलानं त्या टेबलाची धूळ पाटीच्या भोवतीनं पुसली.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास वादळ आलं. दहा मिनिटांत झाडं आडवी, खांब आडवे, लाईट गेली. मोबाईलची रेंजही गेली. साडेपाचला प्रेमिलाला घाम फुटला आणि डावा हात भरून आला. मधुकररावांनी तिला दिवाणावर निजवलं. ती म्हणाली, "तुमच्या त्या मशीनवरून नाही का कोणाले बोलावता येत?"

"लाईट कुठं आहे? तू पडून राह्य. हलू नको. मी गाडी घेऊन येतो."

चौकात कडुनिंब पडला होता. ते फिरून गेले, तिकडे खांब. दवाखान्यातली ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. एक ऑटोवाला कसाबसा तयार झाला, तोही दोनदा अडकला. ते घरी पोचले तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांचा आवाज ऐकून सिंधूताई मागोमाग धावत आली. प्रेमिला गेली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी गेली असावी.

पुण्याला बँकेत असलेली मुलगी हिमानी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिनं विचारलं तेव्हा मधुकरराव म्हणाले, "लाईट नव्हती. लाईट असती तर रेडिओवरून बोलावलं असतं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. ऐकणारे मान हलवत. विजेच्या माणसाच्याच घरी हे व्हावं, असं म्हणत आणि उठताना चपला शोधत.

पण लाईट आली होती. बैठकीत एक डिजिटल घड्याळ होतं. लाईट जाऊन परत आली की ते बारापासून पुन्हा मोजायला लागायचं. मधुकरराव सात वाजून पाच मिनिटांनी घरात शिरले तेव्हा त्यावर बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं लुकलुकत होती. चौतीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला ते वाचायला शिकवावं लागत नाही. लाईट सहा सतराला आली होती. मधुकररावांनी त्या संध्याकाळीच घड्याळाची वेळ नीट लावून टाकली आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही.

पाचव्या दिवशी कामिनी भेटायला आली, ती आपली नोंदवही घेऊन. बिचारीला वाटलं, काकांना बरं वाटेल. वादळाच्या संध्याकाळी ती गच्चीवर गाडीची बॅटरी नेऊन, तिला सेट जोडून साडेपाचपासून आठपर्यंत बसली होती. दर दहा मिनिटांनी तिनं विचारलं होतं, कोणाला मदत हवी आहे का. वहीत तिनं प्रत्येक वेळेसमोर लिहिलं होतं, कोणी नाही. विक्रम नावाचा क्लबातला एक जण जीप घेऊन मानकापूर चौकाच्या अलीकडे तयार होता. तिथून आत यायला मोकळा रस्ता होता. "काका, तुमच्याकडे लाईट असती ना," कामिनी म्हणाली आणि रडायला लागली.

मधुकररावांनी वही हातात घेतली. सहा वीस, सहा तीस, सहा चाळीस. लाईट आल्यानंतर आणि प्रेमिला असताना तीनदा विचारलं गेलं होतं. सेट नेहमी त्याच लहरीवर लावलेला असे. स्विच टाकायचा आणि माईकचं बटण दाबायचं, एवढंच काम होतं. त्यांनी वही मिटून परत दिली आणि कामिनीला म्हणाले, "चहा घेऊन जा."

तेव्हापासून त्यांचं आतलं सगळं सुन्न झालं. लोकांना वाटतं, सुन्न माणूस भिंतीकडे बघत बसतो. मधुकरराव वेळेवर उठत, दाढी करत, डबा खाऊन डबा घासून परत देत, वीजबिल मुदतीच्या आत भरत. नातेवाईक त्यांच्या रडण्याची वाट बघून थकले. भाऊजी एकदा रडले की मोकळे होतील, असं त्यांची मेहुणी सांगून गेली. त्यांना रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता. जेवणात मीठ नाही हे सिंधूताईनं सांगितल्यावर कळे. रविवारी कामिनी हाक मारी, "खापरखेडा, ऐकताय का?" हे ऐकत असत, पण माईक उचलत नसत. ती थोडं थांबून पुढच्याला हाक मारी.

महिन्याभरानं त्यांनी पेटीचं काम काढलं. लाईट नव्हती म्हणून प्रेमिला गेली, तर मग लाईट लागणार नाही असा सेट बनवला पाहिजे. आता या माणसाच्या मनात खरंच काय चाललं होतं म्हणाल, तर ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मला दिसतं ते एवढंच, की सांगितलेल्या खोट्याच्या मापाची पेटी तो बनवत होता आणि काम मात्र अगदी खरं करत होता.

तळाशी त्यांनी रबर अंथरलं. ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्याकडून लिथियमची बॅटरी आणली आणि ती पट्ट्यानं आवळली, पेटी उलटी केली तरी हलू नये अशी. तारा लाल आणि काळ्या, एकही दुसऱ्या रंगाची नाही. दोन्ही तारांवर फ्यूज. किती बॅटरी उरली ते दाखवणारा मीटर झाकणाच्या आत. अँटेनाची तार पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेली. सेट ऐकताना अर्धा अँपिअर खातो आणि बोलताना आठ, हे त्यांनी चार-चार वेळा मोजलं. नीट वाटलं नाही की सगळं उसवायचं आणि पुन्हा जोडायचं. वर्ष फिरून पुन्हा मे आला, तरी भर दुपारी घराचा मेन स्विच पाडून, कूलरशिवाय, घामानं निथळत ते पेटीसमोर बसत आणि दर अर्ध्या तासानं मीटरचा आकडा लिहीत. बोलून बघायची वेळ आली की अँटेना काढून, आवाज बाहेर जाणार नाही अशी जोडणी करून, ते माईकमध्ये एक, दोन, तीन, चार म्हणत.

हिमानीचा फोन रोज येई.

"काय करून राहिले, बाबा?"

"फ्यूज बदलून राहिलो."

"जेवले?"

"हो."

"किती अँपिअरचा टाकला?"

"पंधराचा."

"वीसचा नाही चालत?"

मग ते वीसचा का नाही चालत ते सांगत. बँकेतल्या पोरीला फ्यूजचं एवढं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. वर्षभरात त्यांचं सगळ्यात लांब बोलणं एवढंच होई.

पेटी तयार झाली. साडेआठ किलो, एका हातानं उचलण्यासारखी. कामिनी येऊन बघून गेली आणि तिनं सगळं ठरवून टाकलं. भिवापूरच्या बाजूला एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की त्या गावाचा दोन-दोन दिवस कोणाशी संबंध राहत नसे. पेटी तिथं ठेवायची. छोटासा कार्यक्रम करायचा. हिमानीलाही तिनंच फोन केला. आठ दिवसांनी ती स्टीलची एक पट्टी कोरून घेऊन आली. त्यावर होतं: 'कै. सौ. प्रेमिला मधुकर चाफले यांच्या स्मरणार्थ. वीज नसल्यामुळे त्यांच्यासाठी मदत मागता आली नाही. तशी वेळ कोणावर येऊ नये.'

"झाकणावर बसवाल ना काका?"

मधुकररावांनी झाकणाला चार भोकं पाडली. स्क्रू हातात घेतले. पट्टी भोकांवर धरून बराच वेळ बसले आणि मग ती कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. फोनवर हिमानीला म्हणाले, "पट्टी तिकडं गेल्यावर बसवतो." आतापर्यंत खोटं नुसतं तोंडानं सांगितलं होतं. आता ते स्टीलवर, प्रेमिलाच्या नावाखाली, स्वतःच्या हातानं आवळायचं होतं. त्या वर्षभरात पहिल्यांदा त्यांना भीती वाटली.

जूनमध्ये, नाला अजून कोरडा असताना, हिमानीनं गाडी काढली आणि उमरेडवरून ते तिकडे गेले. उपकेंद्राच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया, सरपंच, दोन-तीन म्हातारे बसले होते. विक्रम नागपुरात सेट घेऊन थांबला होता. मधुकररावांनी अंगणातल्या दोन झाडांमध्ये तार ताणली, पेटी उघडली, स्विच टाकला आणि कामिनीनं नागपूरला हाक मारली. विक्रमचा आवाज पेटीतून खणखणीत आला. बाया एकमेकींकडे बघून हसल्या.

उपकेंद्राची नर्स, उन्नती, पुढे येऊन बसली होती. तिनं माईक बघायला हात पुढे केला.

"हात लावू नका," मधुकरराव म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून आपोआप गेलं. उन्नतीनं हात लगेच मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. रुसली नाही, काही नाही. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून घेतला. मग जरा थांबून तिनं साधंच विचारलं, "पण काका, त्या वेळी तुम्ही इथं नसाल ना?"

कामिनी मधे पडली. परवान्याची परीक्षा असते, उन्नतीताई देतील, आणि जिवावर बेतलं तर परवाना कोणी विचारत नाही, असं तिनं समजावून सांगितलं. मग तिनं बायांना प्रेमिलाकाकूंची हकिगत सांगायला घेतली. "त्या दिवशी काकांकडे लाईट नव्हती," ती म्हणाली.

"लाईट होती," मधुकरराव म्हणाले.

कामिनी थांबली. मधुकररावांनी पाळी संपवून जाताना पुढच्या माणसाला यंत्रांची हकिगत सांगावी तशा आवाजात पुढचं सांगितलं.

"सहा सतराले लाईट आली. मी सात पाचले घरी आलो. मधला अर्धा तास ती जिवंत होती. कामिनी तिकडून विचारून राहिली होती, जीप तयार होती. सेट सुरू केला असता तर बोलावता आलं असतं. पण मी तिले हात लावू दिला नव्हता. शिकवलं नव्हतं. सेटवर माझी पाटी होती, हात लावू नये म्हणून." ते थांबले. सगळ्यांना वाटलं संपलं. "मी तिले दिवाणावर निजवून गेलो होतो. आलो तेव्हा ती माझ्या खुर्चीत होती. सेटच्या समोर. लाईट आल्यावर उठून येऊन बसली होती. मी तिले उचलून परत दिवाणावर निजवलं, मंग हाक मारली. पाटी जागेवर होती. तिनं हात नाही लावला."

मागच्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मधुकररावांनी माईक उचलला, त्याची तार सोडवली आणि तो उन्नतीच्या हातात दिला.

"हा स्विच टाकाचा. हे बटण दाबून धराचं आणि बोलाचं. बोलणं झालं की सोडाचं. सोडलं नाही तर समोरच्याचं ऐकू येत नाही. दाबा."

उन्नतीनं दाबलं. "मी उन्नती बोलून राहिली," ती शेवटी म्हणाली.

"बोला उन्नतीताई, ऐकू येते," विक्रम म्हणाला.

मग मधुकररावांनी तिथल्या प्रत्येक बाईला एकदा बोलायला लावलं. काही लाजल्या, एकीनं नागपूरचा पाऊस विचारला. कामिनी डोळे पुसत प्रत्येकीच्या जवळ बसून राहिली. दोन तास गेले. पट्टी पिशवीतच राहिली आणि तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

परतताना उमरेड मागे पडेपर्यंत हिमानी नुसती गाडी चालवत होती. मधुकररावच म्हणाले, "तुले राग आला."

"लाईटचं मले माहीत होतं, बाबा."

"कधीपासून?"

"तेरवीच्या आधीपासून. सिंधूताईंनी सांगितलं. त्या धावत आल्या तेव्हा कूलर सुरू होता म्हणे."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? तुम्ही रडून नाही राहिले, कोणाशी बोलून नाही राहिले. पेटी तेवढी बनवून राहिले होते. मी म्हटलं, बनवू द्या. रोज विचारत जाऊ, तेवढं तरी बोलतात."

वर्षभर ज्या पोरीपासून लपवलं, ती वर्षभर त्यांना सांभाळत होती. आता तिच्याजवळ लपवायचं काही उरलं नाही, असं त्यांना वाटलं आणि थोडं हलकंही वाटलं.

हिमानीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. एक ट्रक शेजारून गेला.

"लाईटचं माहीत होतं," ती म्हणाली. "खुर्चीचं नव्हतं माहीत."

तिनं कपाळ स्टीअरिंगवर टेकलं आणि ती रडायला लागली, आई गेली त्या दिवशीही रडली नव्हती अशी. ती खुर्ची आता तिलाही दिसणार होती, रोज, पुण्याला, बँकेत, स्वयंपाक करताना, आणि ती मधुकररावांनी दाखवली होती. सांगितलेलं परत घेता येत नव्हतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनाही रडू आलं.